उन्हाळी शिबिरात सगळीच मुलं हवीत : कसं जमवायचं?

ओवी | 2 एप्रिल, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. सांगलीत आम्ही चार-पाच जणी गेली तीन वर्षं मे महिन्यात कॉलनीतल्या मुलांसाठी दहा दिवसांचं शिबिर घेतो. मातीकाम, चित्रं, गाणी, लगोरी आणि शेवटच्या दिवशी भेळ. वेळ सकाळी साडेसात ते साडेदहा, त्यानंतर ऊन सोसवत नाही. जवळची शाळा सुट्टीत दोन वर्ग आणि पटांगण वापरू देते.

गेल्या वर्षी एक मुलगा यायचा. त्याला सोडायला आईबरोबर त्याची मोठी बहीणही यायची. नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी), वॉकर घेऊन चालते. ती गेटचे गज धरून बराच वेळ आत बघत उभी राहायची. चौथ्या दिवशी तिने मला विचारलं, "ताई, मोठ्या मुलींना घेत नाही का तुम्ही?"

तिला वाटत होतं, वयामुळे घेतलं नाही. आमच्याकडे बारा वर्षांची मुलं होती. मला उत्तर देता आलं नाही, आणि ते वर्षभर मनातून गेलेलं नाही.

यंदा ठरवलंय की तिला आणि आसपासच्या अशा मुलांना घ्यायचंच. आतापर्यंत सहा पालक हो म्हणालेत : ही मुलगी, डाऊन सिंड्रोम असलेले दोघं, एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा, एक पूर्ण अंध मुलगी आणि श्रवणयंत्र लावणारा एक मुलगा. बाकीची अठरा नेहमीची. पैसे बेताचे, अनुभव नाही. कुठून सुरुवात करू?

रातराणी | रात्री 10.05

किती छान! काही मदत लागली तर सांगा, मी मिरजेत असते. माती मळायला नक्की येईन.

जोंधळा | रात्री 10.31

ओवीताई, तुमच्या मनाबद्दल शंका नाही, पण मी विरोधी मत मांडतो. माझा पुतण्या बौद्धिक अक्षमता असलेला. त्याला आम्ही एका शिबिरात घातलं होतं, तिथेही "सगळ्यांना प्रवेश" होता. तिसऱ्या दिवशी मी लवकर न्यायला गेलो. सगळी मुलं मैदानावर, आणि हा वर्गात एकटा बसून खडूंचे कागद सोलतोय. समोर सोललेल्या खडूंची रांग. शिबिराच्या ताईंनी हसत सांगितलं, "अजिबात त्रास देत नाही हो."

त्यापेक्षा त्याच्यासारख्या मुलांचं वेगळं शिबिर असतं तर तो खेळला तरी असता. एका छपराखाली बसवणं म्हणजे सामावून घेणं नव्हे. माणसं पुरेशी नसतील तर यंदा करू नका, हा माझा सल्ला.

पिंपळपान | 3 एप्रिल, सकाळी 7.15

मी पुण्यात विशेष शिक्षिका आहे, अठरा वर्षं झाली. जोंधळा यांचं म्हणणं मी शब्दन् शब्द मान्य करते, फक्त शेवटचा सल्ला सोडून. ते मूल कोपऱ्यात बसलं कारण खेळ आधी ठरले आणि मूल नंतर आलं. मुलं कोण आहेत ते बघून मग खेळ ठरवायचे. उलटं केलं की कोपरा ठरलेलाच.

ओवी, तुमच्या हातात महिना आहे, पुष्कळ झाला. प्रवेशाच्या कागदावर "आजार कोणता" हा एकच रकाना ठेवू नका. नुसतं "ऑटिझम" वाचून तुम्हाला त्या मुलाबद्दल काहीही कळत नाही. सहाही घरी जा, चहा प्या, मुलाबरोबर तासभर बसा आणि हे विचारा : भूक लागली की हा कसा सांगतो? शू लागली की काय करतो? कुठल्या आवाजाला घाबरतो? घाबरला की पळतो, ओरडतो की गप्प होतो? मग कशाने शांत होतो? स्पर्श चालतो का? घरी सगळ्यात आवडीचं काय? आणि हेच प्रश्न बाकीच्या अठरा पालकांनाही विचारा. तुम्हाला दिसेल, त्यांच्यातही दोन-तीन मुलं कुकरच्या शिट्टीला कान झाकणारी निघतात.

माणसांचं म्हणाल तर माझा अनुभव असा : चार मुलांमागे एक मोठं माणूस, आणि पहिल्या तीन दिवसांत ज्याला गरज आहे त्याच्यासोबत एक स्वतंत्र दादा किंवा ताई. चौथ्या दिवसापासून त्या ताईने दोन पावलं मागे सरकायचं. ती चिकटून राहिली तर इतर मुलं त्या मुलाशी बोलतच नाहीत, सगळं ताईलाच विचारतात.

स्वमग्न मुलासाठी दिवसाचा क्रम चित्रांनी काढून भिंतीवर लावा. एक काम संपलं की ते चित्र त्याने स्वतः काढून डब्यात टाकायचं.

आणि आयांना घरी पाठवा. प्रेमाने, पण पाठवा.

सायली_नाशिक | सकाळी 9.50

मनातलं विचारते, राग मानू नका. माझा मुलगा धडधाकट आणि अतिशय दंगेखोर आहे. अशा शिबिरात सगळं लक्ष त्या सहा मुलांकडे गेलं तर माझ्या मुलाने काय करायचं? खेळ फार सोपे केले तर तो दुसऱ्या दिवशी जायचं नाही म्हणेल.

दोन_चाकं | सकाळी 11.20

सायली, विचारलंत ते बरं केलंत. हा प्रश्न बहुतेक पालक मनात ठेवतात आणि मग गुपचूप नाव काढून घेतात.

मी कोल्हापूरची, तेराव्या वर्षापासून व्हीलचेअरवर. या शहरात नसीमादीदी हुरजूक यांनी 1984 साली हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड ही अपंगांसाठीची संस्था सुरू केली, त्यामुळे खुर्चीवरून कामाला जाणारी माणसं मी लहानपणापासून बघितली. तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी खिडकीतच असायची. मला एकदाच एका शिबिरात बोलावलं होतं. समारोपाला, स्टेजवर, "प्रेरणा" म्हणून. खुर्चीसकट चौघांनी उचलून वर ठेवलं, टाळ्या झाल्या, खाली ठेवलं. मला त्या दिवशी कॅरम खेळायचा होता. बोर्ड समोरच मांडलेला होता.

तर ओवी, एवढं कराच : समारोपात या मुलांना वेगळं बक्षीस नको, वेगळ्या टाळ्या नकोत. खुर्चीला, वॉकरला विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तो आमच्या शरीराचाच भाग असतो. आणि फोटो. व्हॉट्सॲपवर फोटो टाकताना ज्या मुलाची लाळ गळतेय तो क्षण टाकू नका. त्या मुलालाही मोठं होऊन ते बघायचंय.

उताराचं गणित लिहून ठेवा : एक फूट चढायला बारा फूट लांबी. बहुतेक लोक दोन पायऱ्यांवर एक पत्रा टाकतात आणि त्याला रॅम्प म्हणतात. तशा पत्र्यावरून मी दोनदा उलटी पडलेय.

ओवी | दुपारी 1.10

शाळेच्या दोन पायऱ्या आत्ता मोजून आले. मिळून चौदा इंच. म्हणजे चौदा फूट! सुताराशी बोलते.

अंबोलीचा_पाऊस | दुपारी 3.30

मी बालरोगतज्ज्ञ. वैद्यकीय बाजू लिहितो, कारण उत्साहात ती राहून जाते. प्रत्येक मुलाच्या डॉक्टरांशी पालकांमार्फत बोलून घ्याच.

फिट येण्याची शक्यता असलेलं एखादं तरी मूल निघेल असं धरून चला. आलीच तर घड्याळ बघा. मुलाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवा, आजूबाजूचं टोकदार सामान दूर करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा नाही, चप्पल नाही. पाच मिनिटांवर गेली, किंवा एकामागून एक येऊ लागल्या, तर 108 ला फोन. हे सगळ्या ताई-दादांकडून एकदा प्रत्यक्ष करून घ्या. वाचलेलं त्या वेळी आठवत नाही.

फिटच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ टोपिरामेट, घाम कमी येतो. असं मूल मेच्या उन्हात पटकन तापतं. त्याला सावली, ओला रुमाल आणि सारखं पाणी.

डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांत मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कोलांटउडी नाही, डोक्यावर उभं राहणं नाही.

सेरेब्रल पाल्सीच्या काही मुलांना पातळ सरबताने ठसका लागतो, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. बसवून, मान थोडी पुढे ठेवून, घरी जसं देतात तसंच द्यायचं. पुढे कधी स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीच्या कण्यात दोष) असलेलं मूल आलं तर रबरी फुगे लावण्याआधी लॅटेक्सची ॲलर्जी विचारा.

कृष्णाकाठ | दुपारी 4.02

वाचनखूण साठवली. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं आणि मी वीस वर्षं शिक्षक आहे.

थोडं अवांतर : शिबिर सांगलीत आहे तर मुलांना मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगाच. आपल्या इस्लामपूरजवळच्या पेठचे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक. भारताचं ते पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला 2018 उजाडलं.

दोन_चाकं | दुपारी 4.20

कृष्णाकाठ, सांगा जरूर, पण चोवीसच्या चोवीस मुलांना सांगा. त्या सहा जणांकडे बघत बघत नको.

कृष्णाकाठ | दुपारी 4.24

पटलं.

शुक्रतारा | संध्याकाळी 6.15

मी जन्मापासून कर्णबधिर आहे. श्रवणयंत्र लावलं म्हणजे ऐकू आलं असं नसतं. पटांगणावर वीस मुलं ओरडत असतील तर यंत्र सगळाच गोंगाट मोठा करतं. बोलताना सूर्याकडे पाठ करून उभ्या राहू नका, चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. एका वेळी एकानेच बोला. पाण्याच्या खेळाआधी यंत्र काढून कोरड्या डबीत ठेवा, पण काढण्याआधी पुढचा खेळ काय ते त्याला समजावून सांगा.

संगीत खुर्ची घेत असाल तर संगीताऐवजी झेंडा घ्या. झेंडा वर असेपर्यंत फिरायचं, खाली आला की बसायचं. ऐकणाऱ्या मुलांची धांदल बघा मग. त्यांना कानांवर खेळायची सवय असते, आमची नजर तयार असते.

पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला हाताची एक खूण नाव म्हणून द्या. गालावर खळी, वेणी, चष्मा, काहीही. आमच्यात प्रत्येकाला असं खुणेचं नाव असतं. आणखी खुणा हव्या असतील तर दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ कोश इंटरनेटवर फुकट आहे.

गौरांग | रात्री 8.45

अंध मुलगी आहे तर "आंधळी कोशिंबीर" हा खेळ टाळावा का? निदान नाव तरी बदला. तिला वाईट वाटेल.

सहा_ठिपके | रात्री 9.30

गौरांग, मी अंध आहे आणि लहानपणी माझा सगळ्यात लाडका खेळ तोच. पट्टी बांधल्यावर बाकीची पोरं हात पुढे करून चाचपडायची. मी मात्र शांत उभी राहायची. कुणाच्या पैंजणाचा आवाज, कुणाच्या केसांना खोबरेल तेल, कुणाला हसू आवरत नाही. तीन मिनिटांत चौघं पकडायची. शेवटी भावाने तक्रार केली की हिला घ्यायचं नाही, ही फसवते.

नावाचं त्या मुलीलाच विचारा. नको म्हणाली तर बदला.

ओवी, तिचा हात धरून ओढू नका. तुमचं कोपर तिला धरू द्या, तुम्ही अर्धं पाऊल पुढे. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या आधी अर्धा तास बोलवून वर्ग, नळ, बाथरूम, पटांगणाची कड हाताने दाखवा आणि नंतर बाकं हलवू नका. चेंडूत घुंगरू किंवा छर्रे घाला. आमच्या क्रिकेटच्या चेंडूतही छर्रे असतात, गोलंदाजी हात खालून सरपटत. एक नियम मात्र पाळावा लागेल : चेंडू येताना सगळे गप्प. वीस मुलांना गप्प करणं हेच अवघड.

आणि उपकार करतोय असं कुणालाही वाटू देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात शिक्षण-नोकरीबरोबर करमणूक आणि खेळही लिहिलेले आहेत.

ईस्टकोस्ट | 4 एप्रिल, सकाळी 6.10

न्यू जर्सीहून. माझा मुलगा स्वमग्न आहे, इथल्या साध्या डे-कॅम्पला जातो. इथे अमेरिकेत 1990 च्या अपंग हक्क कायद्यामुळे खासगी शिबिरालाही वाजवी बदल करून द्यावे लागतात, नुसतं अपंगत्व आहे म्हणून नाही म्हणता येत नाही. पण कायद्याने दार उघडतं, मैत्री होतेच असं नाही. पहिली दोन वर्षं त्याला कुणी वाढदिवसाला बोलावलं नाही. तिसऱ्या वर्षी कॅम्पमध्ये एका मुलाला कळलं की याला सगळ्या आगगाड्यांची वेळापत्रकं पाठ आहेत. तेव्हापासून दोघं एकत्र असतात. म्हणून पिंपळपान यांच्या यादीतला "आवडीचं काय" हा प्रश्न सोडू नका.

जोंधळा | सकाळी 8.00

सगळं वाचलं. पुतण्याच्या वेळी आमच्या घरी चहाला कुणी आलं नव्हतं, आम्हीही काही सांगितलं नव्हतं. माझं मत पूर्ण बदललं नाही, ज्यांना फार मदत लागते त्यांच्यासाठी वेगळी सोय हवीच. पण ओवीताईंनी करावं. एक मात्र विसरू नका : बाथरूमला नेताना दोन मोठी माणसं दिसतील अशा अंतरावर हवीत, आणि कोण नेणार हे पालकांना आधी माहीत हवं. मुलाला बोलून सांगता येत नसेल तर काळजी दुप्पट घ्यावी लागते.

पिंपळपान | सकाळी 8.20

जोंधळा, शंभर टक्के. आणि नव्या स्वयंसेवकांना पॉक्सो कायदा (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा) समजावून सांगितल्याशिवाय कामाला घेऊ नका.

ओवी | 24 मे, रात्री 10.15

मंडळी, शिबिर काल संपलं. कुठून सांगू कळत नाही.

सहाही घरी गेले, चहा प्यायले. चौदा फुटांचा उतार सुताराने प्लायवूडच्या तीन फळ्या जोडून केला, खाली लोखंडी पाय. लाकडाचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. रातराणी खरंच आल्या, आठ दिवस माती मळली.

आधी फसलेलं सांगते. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतून लग्नाची वरात निघाली. सकाळी साडेनऊला बँड वाजेल हे आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. स्वमग्न मुलगा कान झाकून सुसाट पळाला. गेटला कडी होती म्हणून बाहेर गेला नाही, पण सहा-सात मिनिटं सापडेना. माझे पाय गळून गेले. पाण्याच्या टाकीमागे उभा होता, दोन्ही तळहात आणि कपाळ गार सिमेंटला लावून. ताईने हात लावला नाही, शेजारी तशीच टाकीला कपाळ लावून उभी राहिली. दहा मिनिटांनी तोच तिची ओढणी धरून परत आला. चूक आमची, कडी नसती तर काय झालं असतं या विचाराने अजून झोपेतून दचकते. तिसऱ्या दिवसापासून गेटवर एक माणूस, आणि दुसऱ्या वर्गात चटई, पडदा आणि उशा टाकून शांत कोपरा. गंमत म्हणजे तो कोपरा सगळ्यात जास्त वापरला आमच्या जुन्या मुलांनी.

झेंड्याची संगीत खुर्ची इतकी आवडली की गाण्याची पुन्हा झालीच नाही. खुणेची नावं सगळ्यांना पाठ आहेत, माझं नाव "घाम पुसणारी" आहे. अंध मुलीने आंधळी कोशिंबिरीचं नाव बदलायला साफ नकार दिला.

आता लगोरी. फरशा जमिनीवरून उचलायला वॉकरवाल्या मुलीला वाकता येत नव्हतं, म्हणून आम्ही लगोरी स्टुलावर रचली. पोरांनी तिच्या वॉकरला पुढे भाजीची टोपली बांधली, इतर जण पडलेल्या फरशा त्यात टाकायचे आणि ती रचायची. मग मुलांनी आपणहून नियम केला की चेंडू वॉकरला लागला तर ती बाद नाही. ती जाम चिडली. "वॉकर माझाच आहे ना? मग लागला तर मी आऊट." दहा मिनिटं भांडण चाललं. शेवटी तिचा नियम झाला. पुढच्याच डावात चेंडू वॉकरच्या चाकाला लागला आणि ती बाद होऊन कट्ट्यावर बाकीच्या बाद मुलांत जाऊन बसली, घामाघूम, शेजारच्या मुलीशी गप्पा मारत.

सायली, सगळ्यात दंगेखोर मुलगा आम्ही शेवटी पंच केला. कुणीही नाव काढून घेतलं नाही.

सायली_नाशिक | रात्री 10.40

वॉकरचं वाचून डोळे भरले. नाशिकमध्ये दिवाळीच्या सुट्टीत करायचं मनात आहे. तुम्ही घरोघरी विचारलेले प्रश्न टाकाल का इथे?

ओवी | रात्री 10.52

उद्या टाकते. उताराच्या फळ्या शाळेने ठेवून घेतल्या आहेत, काढायच्या नाहीत म्हणाले. जूनपासून शाळेतही लागतील.

दोन_चाकं | रात्री 11.05

प्लायवूड पावसात फुगतं. शाळा उघडायच्या आत वॉर्निशचे दोन हात द्या, आणि वरचा शेवटचा हात ओला असतानाच त्यावर बारीक वाळू भुरभुरवा. नाहीतर पहिल्याच सरीत चाक घसरेल.